ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे : न्हाणीघरातल्या दांडीवर विद्यापीठं संशोधन का करतात?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला बीओटीएचला प्रवेश मिळाला. तिची आई पेढे वाटत फिरली तेव्हा जिन्यात तिघांनी तीन अर्थ लावले. पहिले काका म्हणाले, "ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना? मग रात्रपाळ्या असणार." दुसऱ्यांनी कुठंतरी मराठी नाव वाचलं होतं, व्यवसायोपचार. त्यांना वाटलं, आजारातून उठलेल्यांना कामधंदा लावून देणारं एखादं खातं असेल. तिसऱ्या आजींनी नुसतं 'ओटी' एवढंच ऐकलं आणि त्या गालात हसल्या. का हसल्या ते मराठी वाचकाला सांगायला नको. शेवटी आईनंच कंटाळून "फिजिओसारखंच असतं काहीतरी" म्हणून विषय मिटवला.

मिटवला, पण उत्तर चुकीचं दिलं. त्यात तिचा दोष नाही. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे बीओटीएच या पदवीतली ओटी, हा विषय नावापासूनच घोटाळ्याचा आहे. त्यातून एखाद्या विद्यापीठातल्या या विभागाच्या संशोधनाची बातमी वाचली की गोंधळ आणखी वाढतो. कर्करोगावरचं नवं औषध म्हटलं की लगेच कळतं. इथं मात्र बातमी असते ती म्हाताऱ्या माणसांच्या घरात आधाराच्या दांड्या बसवल्याची, नाहीतर रुग्णाला लापशी शिजवायला लावून गुण दिल्याची. वाचणारा म्हणतो, याला संशोधन म्हणायचं?

म्हणायचं. आणि माझ्या मते ते औषधांवरच्या संशोधनापेक्षा एका अर्थानं अवघड आहे.

'ऑक्युपेशन' म्हणजे पोटापाण्याचा उद्योग नव्हे

इथं ऑक्युपेशन म्हणजे माणसाचा दिवस ज्यानं भरतो ते सगळं. दात घासणं, नाडी बांधणं, डबा भरणं, लोकल पकडणं, नातवाला गोष्ट सांगणं, देवाला फूल वाहणं. नोकरी हा त्यातला एक तुकडा. आजार, अपघात, म्हातारपण किंवा जन्मजात अडचण यामुळे यातलं काही करता येईनासं झालं की ते पुन्हा करता यावं म्हणून जी मदत करायची, ती ऑक्युपेशनल थेरपी.

माझ्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. फिजिओथेरपीनं तिचा उजवा हात छान सुधारला. खांदा वर जायला लागला, मूठ वळायला लागली, डॉक्टर खूश. घरी मात्र ती दिवसभर गाऊनमध्येच बसून. निऱ्या घालता येत नव्हत्या, आणि साडीशिवाय देवळात जायचं नाही हा तिचा हट्ट. म्हणजे कागदावर हात बरा झाला होता आणि देऊळ बंदच होतं.

फरक पेटीच्या भाषेत सांगता येईल. पेटीचा भाता फाटला, पट्ट्या अडकल्या तर ती दुरुस्त करणारा माणूस वेगळा, आणि गाणं बसवून घेणारा वेगळा. गाणं बसवणारा फक्त रियाझ करून घेत नाही. गळा वर जात नसेल तर तो म्हणतो, "पट्टी खाली घेऊ, काळी दोनमध्ये गाऊन बघा." ओटी नेमकं हेच करते. हात पुरता वळेपर्यंत वाट बघत न बसता निऱ्या शिवून घेतलेली साडी सुचवते, बसून नेसायची पद्धत शिकवते, आरसा खाली लावते. कधी माणूस बदलायचा, कधी काम बदलायचं, कधी घर. फिजिओ आणि ओटी यांच्यात भांडण नाही, अनेकदा दोघं एकाच रुग्णावर काम करतात. पण दोघांचे प्रश्न वेगळे. एकाचा प्रश्न, हात किती वर जातो. दुसरीचा, त्या हातानं दिवसभर काय होतं.

विणकामापासून विद्यापीठापर्यंत

इतिहास थोडक्यात सांगतो. मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर माणसं जमली आणि त्यांनी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. यजमान होते जॉर्ज बार्टन, पेशानं वास्तुविशारद. त्यांना स्वतःला क्षयरोग होता आणि डावी बाजू लुळी पडली होती. आपण नुसते पडून राहिलो तर संपू, हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं. लगेच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, जखमी सैनिक परतू लागले, त्यांना विणकाम-सुतारकामाच्या मार्गानं पुन्हा उभं करायला बायकांना प्रशिक्षण दिलं जाऊ लागलं. १९१८ मध्ये सेंट लुईस शहरात सुरू झालेली अशीच एक शाळा पुढे तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सामील झाली. (हे वॉशिंग्टन शहर नव्हे, विद्यापीठाचं नाव तेवढं वॉशिंग्टन.) आज तो विभाग या विषयातल्या अमेरिकेतल्या अग्रगण्य विभागांपैकी एक मानला जातो. पुढची बरीच उदाहरणं मी तिथलीच घेणार आहे.

आपल्याकडे हा विषय आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली. आणणाऱ्या बाई होत्या कमला निंबकर. जन्मानं अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. केईएममधली ही शाळा आशियातली पहिली मानतात. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. नुकता स्वतंत्र झालेला देश आणि अवघ्या दोन वर्षांची शाळा! फलटणला कमला निंबकर बालभवन आहे, त्या नावामागच्या बाई याच.

लापशी शिजवून मेंदू कसा तपासतात?

आता सेंट लुईसला जाऊ.

अर्धांगवायूचा सौम्य झटका आलेल्या माणसाला रुग्णालयात विचारतात, आज तारीख कोणती, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. तो सगळं बरोबर सांगतो. हातपाय चालतात. घरी पाठवतात. आठवड्याभरात घरचे हैराण. गॅसवर दूध ठेवून हा पेपर वाचत बसतो, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतो, विजेचं बिल तीन दिवस हातात धरून फिरतो पण भरत नाही. विचारलं तर म्हणतो, मला काय झालंय?

झालंय ते असं, की बांधकामावर गवंडी हजर, बिगारी हजर, वाळू-सिमेंट हजर, पण मुकादम आलेला नाही. मेंदूतला मुकादम म्हणजे काम सुरू करणं, क्रम लावणं, धोका ओळखणं आणि काम पुरं झालं की थांबणं. याला शास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. आपण मुकादमच म्हणू. एकेका कामगाराची परीक्षा घेऊन मुकादम आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष काम सुरू करावं लागतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅरोलिन बॉम आणि डोरोथी एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक चाचणी प्रसिद्ध केली होती, तीत पाकिटातलं मिश्रण घेऊन पुडिंग शिजवायचं असे. त्यातूनच पुढे बॉम आणि सहकाऱ्यांनी जास्त व्यापक चाचणी तयार केली. त्यात चार कामं आहेत: ओटची लापशी शिजवणं, फोन करणं, गोळ्या घेणं आणि बिल भरणं. सामान एका पेटीत असतं, कृती मोठ्या अक्षरात लिहून दिलेली असते.

खरी करामत गुण देण्यात आहे. पास-नापास नाही. माणूस अडला की तपासणारी व्यक्ती ठरलेल्या पायऱ्यांनीच मदत करते. काहीच मदत लागली नाही तर शून्य. "आता पुढे काय करायचं असेल?" असं आडून विचारावं लागलं तर एक. हातानं खूण करावी लागली तर दोन. "गॅस बंद करा" असं सरळ सांगावं लागलं तर तीन. हात धरून करवून घ्यावं लागलं तर चार, आणि आपणच करून टाकावं लागलं तर पाच. प्रत्येक कामात पाच गोष्टी अशा पाहतात: सुरुवात, मांडणी, क्रम, सुरक्षिततेचं भान आणि शेवट. चार कामं, पाच गोष्टी, कमाल पाच गुण, म्हणजे एकूण शंभर. इथं मात्र जितके कमी तितकं चांगलं.

या गुणांतून घरच्यांना जे हवं ते मिळतं. मेंदूच्या फोटोत डाग किती मिलिमीटरचा आहे ते कळून सुनेला काय करायचंय? तिला हे कळायला हवं की दुपारी दोन तास बाबांना एकटं सोडलं तर चालेल का, आणि सोडायचं तर फ्रिजवर चिठ्ठी लावून भागेल की फोन करून आठवण द्यावी लागेल.

आता आक्षेप. "आमच्या बाबांनी जन्मात स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. ते मेंदू धड असतानाही नापासच झाले असते." अर्धा आक्षेप चूक आहे. लापशीची चव कुणी बघत नाही, समोर लिहून दिलेल्या पायऱ्या माणूस पाळतो का एवढंच बघतात. पण उरलेला अर्धा अगदी बरोबर आहे. सवयीचं काम आणि परकं काम यांत मेंदूवर पडणारा ताण सारखा नसतो, आणि ओटची लापशी आपल्याकडच्या बहुतेक आजोबांना परकीच. म्हणून अशी चाचणी दुसऱ्या देशात नेताना नुसतं भाषांतर करून चालत नाही. काम बदलावं लागतं आणि मग ती बदललेली चाचणी खरंच तेच मोजते का, हे नव्यानं तपासावं लागतं. जगभरच्या ओटी विभागांतले कितीतरी प्रबंध या एका गोष्टीवर होतात. बाहेरून ते कंटाळवाणे दिसतात. पण तराजूच खोटा असेल तर त्यावर तोललेलं सगळं वाया.

पत्त्यांचा डाव

याच विभागातलं मला सगळ्यात आवडणारं साधन म्हणजे एक पत्त्यांचा जोड. दुसऱ्या आवृत्तीत ८९ फोटो आहेत. प्रत्येकात कुणी ना कुणी काही करतंय: बाजारहाट, बागकाम, पोहणं, नातेवाइकांकडे जाणं. आजारातून उठलेल्या माणसानं ते गठ्ठ्यांत लावायचे. हे मी आधीही करत नव्हतो, हे करतो, हे कमी झालं, हे सुटलंच.

याची गरज काय? आपण म्हाताऱ्या माणसाला "कसं चाललंय?" विचारतो आणि तो "ठीक आहे" म्हणतो. पुढे काही नाही. पत्ते हातात दिले की 'सुटलंच' चा गठ्ठा डोळ्यांसमोर वाढत जातो. आधी जेवढं करत होता त्यातलं आता किती टक्के उरलं, हा आकडा निघतो. रुग्णालयाच्या दृष्टीनं पूर्ण बरा झालेला माणूस प्रत्यक्षात निम्मं आयुष्य हरवून बसलेला असू शकतो, हे अशा वेळी कागदावर येतं.

इस्रायल आणि हाँगकाँगमध्ये आपापले जोड तयार झाले, कारण तिथली माणसं वेगळं जगतात. मराठी जोडात काय काय घालावं लागेल याची यादी करायला बसलो तर मजा येते. भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू, वारी, पारावरच्या गप्पा, दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांवर ओरडणं.

दांडी बसवायला पीएचडी कशाला?

आता त्या न्हाणीघराकडे वळू. आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात एक तरी गोष्ट अशी असते, की आजी मोरीत घसरली, खुबा मोडला आणि तिथून उतरती कळा लागली. दांडी लावा, पायपुसणं काढा, दिवा लावा हे तर कुणीही सांगेल. त्यावर अभ्यास कसला?

अभ्यास यासाठी, की 'कुणालाही कळतं' असं जे जे वाटतं त्यातलं बरंच तपासल्यावर खोटं ठरतं. सेंट लुईसच्याच सुसान स्टार्क आणि सहकाऱ्यांनी पडण्याचा धोका जास्त असलेल्या, ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ३१० माणसांवर चाचणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या सेवा, दुसऱ्याच्या घरी ओटी, म्हणजे हा उपचार करणारी थेरपिस्ट, जाणार. ती त्या माणसाबरोबर घरभर हिंडते, तो रोज कुठून कसा जातो ते पाहते आणि त्याच्याशी बोलून बदल ठरवते. मग ते बदल करूनही दिले जातात. पुढे वर्षभर कोण कधी पडलं याची नोंद.

निकाल दोन तोंडांचा आला. पहिल्यांदा पडण्याचा धोका दोन्ही गटांत साधारण सारखाच. पण एकूण पडणं कमी झालं: वर्षाला माणशी २.३ ऐवजी १.५ वेळा. (साधा भागाकार केला तर घट ३५ टक्के येते, संख्याशास्त्रीय पद्धतीनं काढलेला अंदाज ३८ टक्क्यांचा आहे.) खर्च माणशी सुमारे ७६५ डॉलर.

हे विसंगत वाटेल, पण पंक्चरचा विचार करा. खडबडीत रस्त्यावर एखादं पंक्चर बहुतेकांचं होणारच. टायर चांगला असेल तर वर्षभरातली पंक्चरं कमी होतात. म्हाताऱ्या हाडांचा हिशेब असाच असतो, प्रत्येक पडणं ही नव्यानं खुबा मोडायची संधी. तरीही मुख्य कसोटीवर, म्हणजे पहिल्यांदा पडण्याच्या धोक्यावर, यश आलं नाही हे संशोधकांनी लपवलं नाही, आणि बातमी देणाऱ्यांनीही लपवू नये.

आता सिडनीचा एक जुना अभ्यास पाहा, १९९९ चा, ५३० माणसांचा. तिथंही ओटी घरी गेली, बदल सुचवले. जी माणसं आधी पडलेली होती त्यांचं पडणं कमी झालं. पण गंमत अशी, की घराबाहेर पडणंही तेवढंच कमी झालं! घरातल्या दांडीनं रस्त्यावर कसं सावरलं? म्हणजे काम करत होती ती फक्त दांडी नव्हे. घरभर हिंडताना झालेल्या बोलण्यातून माणूस स्वतःकडे बघायला शिकला असावा. घाई कुठं करतो, कसली चप्पल घालतो, अंधारात उठतो तेव्हा काय होतं. या विषयातल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनीही हेच नोंदवलं, की घरातल्या सुधारणा उपयोगी पडतात, जास्त धोका असलेल्यांना जास्त पडतात, आणि त्या ओटीच्या हातून झाल्या तर परिणाम चांगला दिसतो. दांडी तीच, भिंत तीच.

मघाशी म्हटलं की हे संशोधन औषधांपेक्षा अवघड आहे, ते इथं दिसतं. औषधाच्या चाचणीत एका गटाला साखरेची गोळी देता येते. कुणालाच कळत नाही कोणती खरी. पण साखरेची दांडी कशी बसवणार? आजी धरणार आणि दोघं खाली येणार. म्हणून इथं निदान निकाल मोजणारा माणूस वेगळा ठेवतात आणि कोण कोणत्या गटात आहे ते त्याला कळू देत नाहीत.

"सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं असेल"

हा आक्षेप मला सगळ्यात तगडा वाटतो. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याकडे दर आठवड्याला कुणी हसतमुख मुलगी येऊन बसली तर तो सुधारणारच. त्यात थेरपी कुठली?

याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं दिलं. तिथल्या फ्लॉरेन्स क्लार्क यांच्या गटानं ६० वर्षांवरच्या ३६१ माणसांवर केलेली चाचणी १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली. यात दोन नव्हे, तीन गट होते. एकाला काहीच नाही. दुसऱ्याला नऊ महिने भरपूर सोबत: हस्तकला, सिनेमे, सहली, खेळ, नाच. तिसऱ्याला तेवढेच महिने ओटी.

सोबतवाला गट आणि काहीच न मिळालेला गट यांच्यात फरक पडला नाही. ओटीच्या गटात आरोग्य, रोजची कामं आणि आयुष्याबद्दलचं समाधान यांच्या अनेक मोजमापांवर फायदा दिसला. कार्यक्रम संपून सहा महिने झाले तरी त्यातला बराचसा टिकून होता.

मग तिसऱ्या गटात वेगळं काय केलं? सहलीच्या गटाला बसमध्ये बसवून नेलं. ओटीच्या गटाला बसनं जायला शिकवलं. बस कुठून सुटते, सुटे पैसे किती, पायरी उंच असेल तर कसं चढायचं, परत येताना उशीर झाला तर काय करायचं. पुढच्या आठवड्यात तो माणूस स्वतःच्या बहिणीकडे स्वतः जातो. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी होणारे बहुतेक उपक्रम कोणत्या गटात बसतात, ते वाचकांनीच ठरवावं. ऑर्केस्ट्रा आणि अल्पोपाहार वाईट असं मी म्हणत नाही.

याच विद्यापीठानं पुढे ४६० माणसांवर दुसरी चाचणी केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदना, मनःस्थिती, समाधान यांत फायदा दिसला. स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत दिसला नाही. ओटीनं विस्मरण थांबतं अशी जाहिरात दिसली तर हे आठवावं.

मग सगळं सिद्ध झालंय का?

नाही, आणि हा भाग पालकांनी जरूर वाचावा.

सदर्न कॅलिफोर्नियातच शिकलेल्या जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकीकरणाचा सिद्धांत मांडला, त्यावरचं त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. कल्पना अशी: कान, त्वचा, सांधे, तोल अशा सगळीकडून येणारी माहिती मेंदू एकत्र गुंफतो. ही गुंफण नीट नसेल तर मूल शर्टाच्या लेबलनं हैराण होतं, मिक्सरच्या आवाजानं कान झाकतं, सतत गरगर फिरतं. म्हणून झोके, दोऱ्या, गाद्या यांतून खेळत खेळत ती गुंफण सुधारायची. आपल्या शहरांतल्या थेरपी केंद्रांत छताला टांगलेले जे झोके दिसतात ते इथून आलेत.

लेबलनं हैराण होणारी मुलं खरी आहेत, त्यांचे आईबापही खरे. प्रश्न एवढाच, की झोक्यानं ते बदलतं का. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं सांगितलं, की या उपचारावरचं संशोधन मर्यादित आहे, हे पालकांना स्पष्ट सांगावं. २०१४ मध्ये ३२ स्वमग्न मुलांवरच्या एका अमेरिकन चाचणीत, पालकांनी ठरवलेली उद्दिष्टं गाठण्यात उपचाराच्या गटानं आघाडी घेतली. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधली १३८ मुलांची मोठी चाचणी आली, तीत नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

यातून काय घ्यायचं? केंद्र बंद करा असं नव्हे. केंद्रात गेल्यावर पहिल्या दिवशी विचारा: तीन महिन्यांनी माझं मूल कोणती गोष्ट करू लागलेलं असेल? "संवेदना सुधारतील" हे उत्तर नाही. "स्वतःच्या हातानं शर्टाची चार बटणं लावेल" हे उत्तर आहे. चांगली ओटी हा प्रश्न ऐकून चिडत नाही, उलट वही काढते. चिडली तर तो झोका तुमच्या पैशानं हलतोय एवढं समजावं.

पैसा कोण देणार?

अमेरिकेत रुग्णालयांना या विषयाचा पुळका आला त्याला एक व्यवहारी कारणही आहे. २०१२ पासून तिथली सरकारी विमा योजना, रुग्ण घरी जाऊन महिन्याभरात परत भरती झाला आणि असं प्रमाण फार झालं, तर रुग्णालयाचे पैसे कापते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयं कशाकशावर किती खर्च करतात आणि रुग्ण परत किती येतात, हे ताडून पाहिलं. हृदयाची कमजोरी, न्यूमोनिया आणि हृदयविकाराचा झटका या तिन्ही आजारांत परत येणं कमी असण्याशी जुळणारा खर्चाचा एकच रकाना निघाला: ऑक्युपेशनल थेरपी.

जुळणारा म्हणतोय, कारण झालेला नव्हे. ओटीवर खर्च करणारी रुग्णालयं मुळातच रुग्णाच्या घराचा विचार करणारी असतील, अशीही शक्यता आहे. तरी कारण समजायला कठीण नाही. घरी जाण्याआधी कुणीतरी विचारलं असेल, की संडास जिना उतरून आहे का, गोळ्यांची बाटली उघडता येते का.

आपल्याकडे अशी कपात नाही आणि आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात भरती असतानाच्या खर्चाभोवती फिरतो. घरी येऊन मोरी बघणाऱ्या माणसाचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे, त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी यांना देशभर एक चौकट मिळते. बिल कोण भरणार हे मात्र तो कायदा ठरवत नाही.

आणि आपली मोरी?

सेंट लुईसच्या घरात टब असतो, आपल्याकडे मोरीचा कठडा. तिथं गालिचा सरकतो, इथं ओली फरशी. तिथं कमोड, इथं अनेक घरांत अजून उकिडवं बसणं. पाटावर बसून जेवणाऱ्या, खाली मांडी घालून भाजी निवडणाऱ्या बाईचा गुडघा बदलल्यावर तिनं काय सोडायचं आणि काय ओट्यावर आणायचं, याचं उत्तर अमेरिकन पत्त्यांत मिळणार नाही. ते इथल्या विभागांतल्या विद्यार्थ्यांनीच इथल्या घरांत जाऊन शोधायचं आहे.

आमच्या सोसायटीतली ती मुलगी सुट्टीत घरी आली होती. आजोबांना झटका येऊन गेलाय, सौम्य. तिनं त्यांना चहा करायला सांगितला आणि ती हात मागे बांधून उभी राहिली. शिकताना सगळ्यात जड हेच जातं म्हणे, हात मागे ठेवणं. आजोबांनी पातेलं ठेवलं, पाणी घातलं, आलं किसलं आणि थांबले. ती गप्प. दहा सेकंद, वीस सेकंद. आतून आजींचा आवाज आला, "अहो, गॅस लावा की!"

नातीनं कपाळाला हात लावला आणि वहीत तीन लिहिले.